ड्रायरचा भोंगा

आमच्या ड्रायरमध्ये एक जाळी होती. कपडे वाळताना सुटलेली रुई तिच्यावर जमायची. किस्से तसेच जमतात बघा. त्या वेळी कोणाचं लक्ष नसतं, आणि एक दिवस जाळी ओढून बघावी तर मुठीत मावत नाहीत!

यांची मिल बंद झाली तेव्हा आमची निम्मी गल्ली घरी बसली होती. आम्ही खालच्या दोन खोल्यांत लाँड्री काढली. धुण्याचं एक मशीन, एक सेकंडहँड ड्रायर आणि मिलमधलेच दोघे जण. रघुनाथकाका कार्डिंग खात्यातले, म्हणजे जिथे कापूस विंचरतात तिथले. दामूमामा सुताला खळ लावणाऱ्या खात्यातले. इंदूरमध्ये तेव्हा नवीन नवीन हॉटेलं निघत होती, त्यातल्या एकाच्या चादरी-टॉवेल आमच्याकडे यायचे. बाकी गिऱ्हाईक किरकोळ; कपडे आणणं-पोचवणं हे करायचे. हॉटेल गेलं की लाँड्री गेली, आणि आम्ही चौघे दुसऱ्यांदा घरी. हा हिशोब मी रोज मनात करायचे.

*

पहिला दिवस. कपडे वाळले की ड्रायरचा बझर वाजायचा, चांगला लांबलचक आणि भसाडा. तो वाजला तेव्हा मी मागे पाणी भरत होते. येऊन बघते तर काका गायब, मामा गायब, खुंटीवरचे डबेही गायब. धावत जाऊन दोघांना कोपऱ्यावर गाठलं आणि कुठे निघालात म्हणून विचारलं.

"वैनी, भोंगा झाला ना," काका शांतपणे म्हणाले.

मिलमध्ये भोंगा झाला की पाळी सुटायची, आणि जेवणाच्या भोंग्याला पोरं बापाचा डबा घेऊन फाटकाशी उभी असायची. इथे सकाळचे साडेअकरा वाजले होते.

*

त्याच आठवड्यात कपडे वाळेचनात. दोन-दोन तास ड्रायर फिरवला तरी चादरी दमट. मेकॅनिकला बोलावलं. त्याने मशीन खोललं, तपासलं, परत बंद केलं. दोष सापडेना. तेवढ्यात काका फवारणीचा पंप घेऊन आत आले आणि खोलीभर पाणी मारायला लागले. तेव्हा कुठे माझं लक्ष भिंतींवरच्या ओल्या पोत्यांकडे गेलं!

मिलमध्ये हवा कोरडी पडली की सूत तुटतं. काकांनी जन्मभर हवा ओली ठेवली होती.

"बहोत सूखी हवा आहे भिया इथली," त्यांनी मेकॅनिकला समजावलं, "मी संभाळून राहिलोय म्हणून चाललंय."

मेकॅनिकने त्यांना हात जोडले आणि स्कूटरला किक मारली.

*

जाळी मात्र काकांसारखी कोणी साफ करून दाखवावी. ड्रायर थांबला की जाळी बाहेर, बोटांनी एका कडेपासून गुंडाळत आणली की सगळी रुई एका तुकड्यात निघायची. ब्रश नाही, काही नाही. काकू सांगायच्या की काका घरीसुद्धा चहाची गाळणी दर कपाआधी उजेडात धरून बघतात.

ती रुई ते टाकूही देत नसत. मिलमध्ये कापूस कोणी फेकतं का? लांब धाग्याची एका पोत्यात, आखूड दुसऱ्यात. रुई चिमटीत धरून ते कापडाची कुंडली सांगायचे. एकदा हॉटेलचे मॅनेजर वर्माजी स्वतः आले होते. चाळिशीचा माणूस, कडक इस्त्री, टाय. काकांनी त्यांच्यासमोर मूठ उघडली.

"साब, आपके टॉवेल दिवाली नहीं देखेंगे."

ते टॉवेल वर्माजींनीच पसंत करून आणले होते. मी चहा पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही.

*

मग आलं सॉफ्टनर. कपडे मऊ करायचं निळं औषध, शेवटच्या पाण्यात एक झाकण घालायचं. दामूमामांनी ते दोन बोटांत चोळून पाहिलं, हुंगलं आणि निकाल दिला की ही तर पातळ खळ आहे. आणि खळीत कंजुषी केली की धागा तुटतो, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. अर्धी बाटली ओतली!

टॉवेल असे मऊ झाले की हातातून निसटावेत. फक्त पाणी टिपेनात. तिसऱ्या मजल्यावरचे एक पाहुणे अंग पुसून पुसून दमले आणि तसेच निथळत खाली काउंटरवर आले. वर्माजींचा फोन आला तेव्हा ते ओरडलेसुद्धा नाहीत. मला तेच जास्त लागलं. आम्ही सगळे टॉवेल गरम पाण्यातून दोनदा काढले.

"मऊ झाले की नाही, ते बोला," मामांचं म्हणणं एवढंच.

*

दोन दिवसांनी वर्माजी आले. हातात लिफाफा. काम दुसऱ्या लाँड्रीला देत असल्याचं पत्र आत आहे, हे त्यांनी बसायच्या आधीच सांगितलं. बाकावर काकांचा डबा होता, त्याच्या शेजारी ते बसले. मामा खाली मान घालून उभे. काका ड्रायरपाशी.

आणि बझर वाजला.

वर्माजी ताडकन उठले. शेजारचा डबा उचलला आणि भराभर दारात जाऊन उभे राहिले, रस्त्याकडे टाचा उंचावून बघत. बझर थांबला तरी तसेच.

काका हळूच त्यांच्याजवळ गेले.

"किसको देना है?"

वर्माजींनी हातातल्या डब्याकडे पाहिलं.

"पिताजी को," ते म्हणाले.

"कौन सा खाता?"

"कार्डिंग."

काकांनी डबा त्यांच्या हातून घेतला. वर्माजींनी लिफाफा कोटाच्या आतल्या खिशात घातला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "चादरें कल शाम तक चाहिए." माझा जीव भांड्यात पडला.

जाता जाता ते थांबले आणि काकांच्या केसांतली रुई त्यांनी हाताने झटकली.