गल्लीतला माझा उंचवटा

मुलुंडला आमच्या गल्लीतून खाणीवरचे खडीचे ट्रक जायचे. जायचे म्हणजे उधळायचे. एकदा आमची चार वर्षांची मुलगी चाकाखाली येता येता वाचली. त्या दिवशी बायकोनं दाराला वरची कडी घातली आणि पोरीचं बाहेर खेळणं बंद केलं. पोर दिवसभर खिडकीचे गज धरून रडायची.

मी ऑफिसात नकाशे काढणारा माणूस. म्हटलं, एवढं तर आपल्याला जमेल! रविवारी विटांचे तुकडे आणि माती चोपून रस्त्यावर आडवा उंचवटा घातला. शेजारचे मास्तर गॅलरीतून म्हणाले, "कुणाला पुरलंत हो?"

"उद्या बघा, कसे हळू जातात ते."

दुसऱ्या दिवशी त्यावरून पहिला आपटलो तो मी. सायकलवरून ऐटीत घरी येत होतो, उंचवटा साफ विसरलो. डबा एकीकडे, चष्मा दुसरीकडे.

"हळू हो, हळू!" मास्तर वरून ओरडले.

ट्रकवाले मात्र त्यावरून उडत जात, वर गल्लीभर खडी सांडत. आठवड्याभरात त्यांनी तो सपाट केला.

"झाली हौस?" बायको म्हणाली. "आता जरा खाटा बाहेर काढा."

वाळवणाचे दिवस होते. तिनं आणि शेजारणींनी खाटा थेट रस्त्यात मांडल्या. एक या कडेला, पुढची त्या कडेला. वर पापड, कुरडया. ट्रकला नागमोडी गेल्याशिवाय सुटका नाही. पहिल्याच ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. बायको लाटणं घेऊन पुढे.

"हळू ने रे! धूळ बसली तर सगळे पापड तुलाच खायला घालीन."

"वहिनी, रस्ता काय तुमचा आहे?"

"रस्ता नसेल, पापड माझे आहेत ना!"

तो हसला आणि मुंगीच्या पावलानं गेला. मग बाकीचेही तसेच जाऊ लागले.

चार दिवस बघून बायकोनं कडी काढली. पोर काठी घेऊन कावळे हाकत रस्त्यात, आणि मागे अख्खा ट्रक तिची वाट बघत उभा.

वाळवण संपलं. मी खाटा आत घ्यायला लागलो.

"ती एक राहू दे," बायको म्हणाली. "ऑफिसातून आलात की तिच्यावर बसत जा."

"मी? कशाला?"

"पापड संपले ना, म्हणून."

तेव्हापासून रोज संध्याकाळी मी रस्त्यात पाय पसरून पेपर वाचत बसू लागलो. विटांचा उंचवटा आठवडाभर टिकला. मी बरीच वर्षं टिकलो.