आजोबांची खिडकीची सीट

मोरा माझी शेजारीण. इथं नाकुरू शहरात शिवणकाम करते आणि मुलीला, केमुंटोला, घरीच शिकवते. आम्ही अशी सात घरं. लोक विचारतात, "पोरांना शाळेतून हाकललं का?" आता कुणाकुणाशी डोकं फोडायचं! पुस्तकं, दुर्बीण सगळं आम्ही आळीपाळीनं वापरतो. शिवाय प्लॅस्टिकचा हाडांचा एक सापळा आहे, पुरुषभर उंच. पोरं त्याला आजोबा म्हणतात. दर आठवड्याला आजोबा एकेका घरी मुक्कामाला, पाळी माझ्या वहीत लिहिलेली.

त्या शुक्रवारी मोराच्या सासूबाई गावाहून, किसीहून आल्या. बोसिबोरीबाई, जन्मभर शाळेत हेडबाई. नातीला बोर्डिंगात टाकायचंच म्हणून आलेल्या, परतीच्या गाडीत दोन सीटा सांगून. मोराचा नवरा आईपुढे तोंड उघडत नाही. मोरा सकाळीच माझ्याकडे रडून गेली होती, "पोरगी गेली तर घरात राहील काय गं?"

आणि मी शहाणी! त्या आठवड्याला आजोबांची पाळी मोराकडे, म्हणून नेमकी चहाच्या वेळी त्यांना मोटरसायकलवरून घेऊन दारात. डोक्यावर हेल्मेट, कारण मागच्या खेपेला हवालदारानं अडवलं होतं.

"हे कोण?" हेडबाई.

"आजोबा," केमुंटो म्हणाली.

"तुझ्या आजोबांना मी स्वतः पुरलंय!"

मोरानं कपाळाला हात लावला. केमुंटो मात्र आजोबांची मांडी फिरवत म्हणाली, "आजी, हा गोळा ह्या खोबणीत फिरतो. तुझी खोबण झिजली असेल. म्हणून पायरी उतरताना दुखतं."

"पायरीचं मी कुठं बोलले?"

"मघाशी दारातली पायरी एका अंगानं उतरलीस ना."

म्हातारीनं खुर्ची आजोबांजवळ ओढली. मग म्हणाली, "तीन डॉक्टर झाले. गोळ्या देतात, सांगत कुणी नाही. परत दाखव." चार वेळा पाहिलं. मग सुनेकडे वळल्या, "हिचं गणित कच्चं असणार. सुट्टीत मी तपासीन."

"आमच्यात सुट्टी नसते, आई."

"तेच मला पटत नाही."

सोमवारी आम्ही सगळे स्टँडवर गेलो, हेडबाईंच्या हुकमावरून आजोबाही. ड्रायव्हर विचारतो, "आजी, दुसरी सीट कुणाची?"

हेडबाईंनी आजोबांना हेल्मेटसकट खिडकीशी बसवलं, पट्टा लावला. "गावातल्या सगळ्या बायकांच्या कमरा गेल्यात," मला म्हणाल्या. "वहीत लिही. आठवं घर, किसी."

गाडी लांब गेली, तरी मोरा केमुंटोचा हात काही सोडेना.