पप्पा गाडी लावतायत

पैठणच्या धरणावर, नाथसागरला जायचं आम्ही चौघांनी ठरवलं होतं. शनिवारी दुपारी नवऱ्याचा पुण्याहून फोन आला की ऑफिसात काम निघालंय, या आठवड्यात येणं जमणार नाही. मी बरं म्हणाले. पुण्याला बदली होऊन त्याला दोन वर्षं होत आली होती. सुरुवातीला तो दर शनिवारी यायचा. मग एक शनिवार सोडून, मग महिन्यातून एकदा. आमच्यात भांडण असं झालंच नव्हतं. झालं असतं तर वैजापूरला आईला फोन करून सांगण्यासारखं काहीतरी माझ्याकडं असतं.

मुलगी तेव्हा दुसरीत होती, मुलगा चार वर्षांचा. पप्पा येणार नाहीत हे ऐकून मुलगी आपली वही घेऊन बसली. मुलगा मात्र आठवडाभर लांब पायांच्या पक्ष्यांबद्दल बोलत होता, तो रडायला लागला. त्याला गप्प करता करता माझ्या तोंडून निघून गेलं की आपण तिघं जाऊ.

गाडी मला येत होती, पण घरापासून मी काम करते त्या लॅबपर्यंतच. पैठण रस्त्यावर मी कधी एकटीनं चालवली नव्हती. रविवारी निघालो, फेब्रुवारीतली सकाळ होती, गार होतं, तरी स्टिअरिंगवर माझे हात ओले झाले होते. बिडकीनच्या अलीकडं एकामागं एक ट्रक लागले. मागून कुणी हॉर्न वाजवला की मी गाडी डावीकडं घ्यायचे आणि तो निघून जाईपर्यंत तशीच हळूहळू जायचे. बिडकीनला मुलाला लघवीला लागली. त्याला घेऊन उतरायचं तर मुलगी गाडीत एकटी, म्हणून तिलाही उतरवलं. मलाही जायचं होतं. पण दोन लेकरं रस्त्याच्या कडेला उभी करून जाणार कुठं? मी गेले नाही. त्या दिवशी घरी परत येईपर्यंत गेले नाही.

पैठणच्या थोडं अलीकडं एका गावातून काठाकडं कच्चा रस्ता जातो. शेवटचा तुकडा खडबडीत होता, म्हणून गाडी बाभळीखाली लावून आम्ही चालत गेलो. पाणी बरंच मागं सरलं होतं. मधे वाळलेला, भेगाळलेला गाळ, मग ओला गाळ, आणि त्याच्या पुढं एवढं पाणी की पलीकडचा काठ दिसत नव्हता. पक्षी होते. लांब, उथळ पाण्यात, पांढुरके, मधेच गुलाबी. मुलगा "ते बघ, ते बघ" करत नाचायला लागला. तेवढ्यात कशानं तरी बिचकून अख्खा थवा उठला आणि पंखांच्या आतला लाल रंग एकदम उघडा पडला. मी डावीकडं वळून म्हणाले, "अरे, बघ ना, ते..." डावीकडं, नवरा नेहमी उभा राहतो तिथं, कुणी नव्हतं. मुलं माझ्या उजवीकडं उभी होती. वाक्य अर्धवटच राहिलं आणि मी ओढणी सारखी केली. बघायलाही जवळ कुणी नव्हतं.

काठावर दुसरं एकच कुटुंब होतं. लासूर स्टेशनहून आलेलं, पैठणला नाथांचं दर्शन करून पाण्यावर जेवायला उतरलेलं. एक साठीच्या बाई, त्यांचे दोन मुलगे, दोन सुना आणि चार-पाच नातवंडं. त्यांनी मोठी सतरंजी अंथरली होती. आमची चादर थोड्या अंतरावर होती, पण पाचच मिनिटांत मुलं मुलांत मिसळली. बाईंनी मला हात करून बोलावलं आणि जवळ बसवून घेतलं. मी पुऱ्या आणि बटाट्याची भाजी आणली होती, ती त्यांनी मधे ठेवायला लावली. मग त्यांनी सहज विचारलं, "पाव्हणे कुठं राहिले?"

मी तोंड उघडायच्या आत माझी मुलगी म्हणाली, "पप्पा गाडी लावतायत."

ती इतक्या शांतपणे म्हणाली की क्षणभर मीच वळून रस्त्याकडं पाहिलं. मग मी तिच्याकडं पाहिलं. ती खाली बघून पुरीचा तुकडा मोडत होती. खरं सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. पण सतरंजीभर माणसं होती, सुना माझ्याकडं बघून हसत होत्या, आणि माझ्या मुलीचा कान लाल झाला होता. मी पुऱ्यांचा डबा पुढं केला. बाईंनी एका ताटात तीन धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी वाढली आणि वर दुसरं ताट झाकून ठेवलं. येतील तेव्हा गार नको व्हायला, असं सुनेला म्हणाल्या.

ते ताट माझ्या गुडघ्यापाशी होतं. मी मुलाला भरवत होते, मुलीला चटणी तिखट लागली म्हणून पाणी देत होते, सुनांना काय काम करते ते सांगत होते, आणि सगळा वेळ मला ते झाकलेलं ताट दिसत होतं.

जेवणानंतर मुलं पाण्याकडं पळाली. ओल्या गाळाच्या अलीकडं थांबा, असं मी ओरडून सांगितलं. मुलगा थांबला नाही. त्याला पक्ष्यांच्या जवळ जायचं होतं. दहा-बारा पावलांत तो गुडघ्यापर्यंत रुतला आणि घाबरून खालीच बसला. मी धावले. त्याला काखेत धरून उचलायला गेले तर माझेच पाय पोटऱ्यांपर्यंत आत गेले. एक पाय काढावा तर दुसरा आणखी खाली. खोल नव्हतं, जिवाला धोका नव्हता, हे मला कळत होतं. तरी मी पाय ओढतच राहिले. मुलगा गळ्याला मिठी मारून रडत होता, मुलगी कोरड्यात उभी राहून आई, आई करत होती.

बाईंचा थोरला मुलगा पँट दुमडून आला. त्यानं आधी मुलाला घेतलं, कोरड्यात ठेवलं, मग मला हाताला धरून बाहेर ओढलं. मुलाचा एक बूट गाळातच राहिला. त्यानं कोपरापर्यंत हात घालून चाचपलं, पण सापडला नाही. मग हात पुसत तो मला म्हणाला, "ताई, दादा अजून आले नाय का? गाडी फसली असंल. म्या बघून येतो."

आणि तो खरंच रस्त्याकडं चालू लागला.

मुलीनं माझ्याकडं पाहिलं. तिचं ते बघणं मला अजून विसरता आलेलं नाही. तिला वाटत होतं की मी काहीतरी करीन. मी त्याला हाक मारून थांबवलं.

"ते आलेले नाहीत," मी म्हणाले. "पुण्याला असतात. आम्ही तिघंच आलोय."

तो मागं वळला. मग आईकडं बघायला लागला. सुना एकदम मुलांचे हात-पाय धुण्यात गुंतल्या. बाई फक्त "व्हय?" म्हणाल्या. मग त्यांनी ते ताट पुढं ओढलं, वरचं ताट बाजूला केलं आणि माझ्यासमोर सरकवलं.

"मंग तू खा," त्या म्हणाल्या. "मघापासून लेकरांनाच घालतीयास. तुझ्या पोटात काय बी नाय."

गाळ भरलेले पाय एका बाजूला करून मी तिथंच बसले आणि खाल्लं. तीनही धपाटे खाल्ले. बाई दुसरीकडं बघत पदरानं वारा घेत राहिल्या. त्यांनी पुढं काही विचारलं नाही. नवरा किती दिवसांनी येतो, फोन करतो का, काही नाही. मला वाटत होतं की विचारावं. मी सगळं सांगितलं असतं.

तीनच्या सुमाराला ती मंडळी निघाली. मुलाला अनवाणी बघून धाकट्या सुनेनं आपल्या पोराची जुनी चप्पल दिली, ती त्याला मोठी होत होती. त्यांची जीप धूळ उडवत गेली आणि काठावर आम्ही तिघं उरलो. पक्षी परत येऊन बसले होते, पण मुलाला आता त्यांचं काही वाटत नव्हतं. मी चादर झटकली, घडी घातली. मोठ्या चादरीची घडी एकटीला नीट घालता येत नाही. दुसरं टोक मुलीनं येऊन धरलं.

परत येताना मुलगा मागच्या सीटवर लगेच झोपला. मुलगी खिडकीला टेकून बसली होती. बिडकीनजवळ आल्यावर मी तिला म्हणाले, मी तुझ्यावर रागावलेली नाहीये.

"मी तुझ्यावर रागावलीये," ती म्हणाली. "तू त्यांना का सांगितलंस?"

ते काका उगाच लांब गेले असते, असं मी म्हणाले. त्यांना पप्पा सापडले नसते.

"मग ते परत आले असते," ती म्हणाली. "आणि नंतर घरी गेले असते. ते आपल्याला परत कुठं भेटणार होते? त्यांना वाटलं असतं ना, की आपण चौघं आहोत."

समोर ट्रक होता. त्याच्यामागं मी गाडी हळू केली. खोटं बोलू नये, हे सांगायची ती वेळ नव्हती, आणि मीही तासभर तिच्याबरोबर तेच खोटं सांभाळत बसले होते. मी नुसतीच हो म्हणाले. हो, वाटलं असतं.

पावसाळ्याच्या आधी नवरा दोन दिवसांसाठी आला आणि स्वयंपाकघरात उभं राहून त्यानं सांगितलं की तो आता इकडं बदली मागणार नाही. घर मी इथंच ठेवावं, मुलांची शाळा बदलू नये, तो जमेल तसा येत जाईल. आवाज चढवून कुणीच बोललं नाही. मी चहा गाळत होते, तो गाळून त्याला दिला. आत मुलगी गृहपाठ करत होती. तिनं ऐकलं असणार. तो गेल्यावर, संध्याकाळी तिनं आपलं अंथरूण उचललं आणि माझ्या खोलीत आणून घातलं.