मोहाखालचं काळं वर्तुळ

परवा नांदेडच्या प्रदर्शनात कुणीतरी मोहफुलांच्या लाडवांचा डबा उघडला आणि त्या गोड, आंबूस वासासरशी मला कॉलेजातले आमचे सर आठवले. निसर्गमंडळाचे प्रमुख. गळ्यात दुर्बीण, तिच्यातून त्यांना काय दिसायचं देव जाणे.

चैत्रात किनवटच्या जंगलात त्यांनी आम्हा पोरांना पायवाट सोडायला लावली. "पायवाट गुरांसाठी असते," म्हणाले. तासाभरात आम्ही वाट चुकलोय हे सरांखेरीज सगळ्यांना कळलं होतं. एका मोहाच्या झाडाखाली जमीन गोल जळालेली दिसली आणि सरांना भाषणाला विषय मिळाला. "बघा, अडाणी लोक जंगल पेटवतात!" मी ते वहीत उतरवून घेतलं.

झाडापलीकडे टोपलं घेऊन बसलेली एक बाई म्हणाली, "जंगल न्हाई पेटवलं, साहेब. खालचा पाला जाळून जागा साफ केली. पाचोळ्यात फूल घावत न्हाई. अन् तुमी फुलांवरच उभे हाव की."

आम्ही खाली पाहिलं. पहाटे गळालेली पिवळसर, रसाळ फुलं आमच्या बुटांखाली लगदा झाली होती. सर नुसतं "असं, असं" म्हणाले. वाट विचारायलाही त्यांनी मलाच पुढं केलं. अर्धं भरलेलं टोपलं तसंच ठेवून त्या बाईनं आम्हाला सडकेला आणून सोडलं.

सरांची टर उडवत हा किस्सा मी वर्षानुवर्षं सांगतोय. लोक लई हसतात. सहलीचा अहवाल मात्र मी लिहिला होता, हे कुणाला सांगत नाही. घरी येऊन, सगळं कळलेलं असूनही, मी त्यात लिहिलं होतं: 'अडाणी लोक जंगल पेटवतात.'