गेंड्यांचा आवाज

माझे भावोजी दारात यायच्या आधी त्यांचा आवाज घरात येतो, असं ताई लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात म्हणाली होती. तेव्हा ती हे कौतुकाने म्हणाली होती. पुढे वाक्य तेच राहिलं, कौतुक तेवढं गेलं.

भावोजी बस डेपोत चौकशीच्या खिडकीत बसत. डेपोतला कर्णा बंद पडला तरी प्रवाशांच्या ते लक्षात येत नसे. एकदा एक गृहस्थ सुटलेल्या बसबद्दल भांडायला आले, आणि भावोजींनी त्यांना असं काही झाडलं की फलाटावर उभ्या असलेल्या बसचा ड्रायव्हर आपल्यालाच बोलतायत असं समजून बस घेऊन वेळेआधी निघून गेला. ते गृहस्थ गेंडे क्लबचे मॅनेजर निघाले. अपमान गिळून त्यांनी तिथेच विचारलं, "शनिवारी संध्याकाळी काय करता?"

अशा रीतीने भावोजी गेंड्यांचा आवाज झाले.

गेंडे म्हणजे नदीच्या अलीकडचा बास्केटबॉल संघ. निळा रंग. पलीकडच्या काठावरचा तो ससाणे, पिवळा रंग. दोन्ही व्यावसायिक संघ, आणि पहिला क्रमांक वर्षानुवर्षं या दोघांतच फिरायचा, जसा एका घरातला ताप धाकट्याकडून थोरल्याकडे आणि थोरल्याकडून धाकट्याकडे फिरतो. गंमत अशी की दोन्ही संघांत आमच्या गावात जन्मलेला एकही खेळाडू नव्हता. जो जास्त देईल त्याच्याकडे ते खेळत. गेंड्यांचा कप्तान आधी ससाण्यांत होता, ससाण्यांचा सगळ्यात उंच गडी आधी गेंड्यांत होता. पण त्या परक्या माणसांसाठी आमच्या गावात ठरलेली लग्नं मोडली, सख्ख्या भावांनी जिने वेगळे केले, आणि अलीकडच्या न्हाव्याने पलीकडच्या गिऱ्हाइकाची अर्धीच दाढी करून त्याला घरी पाठवल्याचं मी स्वतः पाहिलं आहे.

सामन्यात भावोजींचं काम असं. मैदानाच्या कडेला टेबल, टेबलावर माइक, समोर खेळाडूंच्या नावांचा कागद. गेंड्यांपैकी कुणी बास्केट केली की भावोजी त्याचं नाव असं ताणत की ते संपेपर्यंत समोरचा संघ चेंडू घेऊन निम्म्या मैदानात पोचलेला असे. ससाण्यांनी बास्केट केली, तर त्याच तोंडातून हरवलेल्या छत्रीची सूचना द्यावी तसा आवाज निघे. त्यांच्या एका खेळाडूचं नाव ते दरवेळी वेगळ्या पद्धतीने चुकवत. ताईने एकदा विचारलं, "अहो, इतक्या वर्षांत एक नाव पाठ होऊ नये?"

"पाठ आहे," भावोजी म्हणाले. "चुकवायला आधी पाठ करावं लागतं."

आता दैव पाहा. बाबा गेल्यावर आई ताईकडे राहायला आली, आणि ताईचं माहेर नदीच्या पलीकडचं. आईने येताना दोन पेट्या, शिवणयंत्र आणि ससाण्यांवरची निष्ठा एवढं सामान आणलं. शिवाय एक पिवळी लोकरीची शाल. सामन्याच्या दिवशी ती शाल अंगावर घेऊन ती जेवणाच्या टेबलाशी बसे, आणि भावोजी निळा कोट घालून तिच्यासमोर. दोघांचंही बोलणं ताईमार्फत चाले.

"तुझ्या आईला म्हणावं, मीठ इकडे सरकवा."

"जावईबापूंना सांग, मीठ त्यांच्या हाताशीच आहे. समोरचं दिसत नाही, म्हणून तर गेंडे हरतात."

ताई तिसरीच्या वर्गाला शिकवायची. ती म्हणायची, दिवसभर चाळीस पोरं सांभाळून आले की घरी ही दोन उरतातच.

त्या वर्षी हंगाम संपत आला तेव्हा दोन्ही संघांचे गुण अगदी सारखे होते. शेवटचा सामना एकमेकांशीच, आणि तोही गेंड्यांच्या हॉलमध्ये. जो जिंकेल तो पहिला. गावात लोक घरकामाचं, आजारपणाचं, सगळ्याचं 'सामना झाल्यावर बघू' असं म्हणू लागले. आणि नेमका तेव्हाच भावोजींचा घसा बसला.

सुरुवातीला खरखर होती. मग बोलताना मधलेच शब्द गायब होऊ लागले. ताईने त्यांना जवळजवळ ओढतच घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी आत नळी घालून पाहिलं आणि सांगितलं, "स्वरतंतूवर गाठ आली आहे. घाबरण्यासारखी नाही, पण काढावी लागेल. तोवर एक शब्दही बोलायचा नाही."

भावोजींनी मान डोलावली. मग त्यांची नजर डॉक्टरांच्या मागच्या भिंतीवर गेली. तिथे ससाण्यांचं कॅलेंडर होतं.

बाहेर येताच ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "डाव लक्षात आला ना?"

"अहो, गाठ तुम्हीही पाहिलीत पडद्यावर."

"पडदा कुणाचा? त्यांचाच ना?"

घरी आईने हे ऐकलं आणि ती पहिल्यांदाच त्यांच्याशी थेट बोलली. "जावईबापू, डॉक्टर बरोबर सांगतायत. गप्प बसा थोडे दिवस." झालं! होती नव्हती ती शंकाही फिटली. विरोधी पक्ष इतक्या मायेने बोलतो म्हणजे पाणी नक्की मुरतंय, असं भावोजींचं मत झालं.

आई मात्र रोज सकाळी कोमट पाण्यात मीठ घालून त्यांच्यासाठी पेला भरून ठेवायची. भावोजी तो खिडकीतल्या कुंडीत ओतायचे. आठवड्याभरात कुंडीतलं झाड वाळलं. मिठाच्या पाण्याने झाड मरतं हे ताई तिसरीच्या पोरांना शिकवते. पण भावोजींनी मला खिडकीशी नेऊन ते झाड असं दाखवलं, जणू पोलीस पंचनाम्याला यायचेच बाकी आहेत. "माझ्या जागी हे गेलं," ते म्हणाले.

क्लबच्या मॅनेजरना ताईने फोन करून सगळं सांगितलं. माणूस तसा सज्जन. लगेच घरी आले, येताना निळा मफलर आणि गोळ्यांची डबी घेऊन आले, भावोजींचा हात हातात धरला आणि म्हणाले, "तब्येत आधी. बाकी सगळं नंतर. फक्त हा एक सामना काढा." ताईने त्यांच्याकडे पाहिलं तसे ते घाईने म्हणाले, "घसा काय हो वहिनी, आज ना उद्या बरा होतो. पहिला क्रमांक असा पुन्हा येत नाही."

ताईने एका अटीवर होकार दिला. ती टेबलाशी शेजारी बसणार, गरम पाण्याचा थर्मास घेऊन.

सामन्याच्या संध्याकाळी मला आणि आईला कर्मचाऱ्यांच्या नातेवाइकांच्या जागा मिळाल्या, म्हणजे ऐन गेंड्यांच्या गोटात. मी आईला म्हटलं, "आज शाल राहू दे."

"मला थंडी वाजते."

"आत घामाच्या धारा लागतात."

"मला वाजते," आई म्हणाली. हजारो निळ्यांच्या मधोमध ती पिवळी शाल पांघरून बसली. आजूबाजूचे धिप्पाड गडी तिच्याकडे बघून दात-ओठ खात होते, पण सत्तरीच्या बाईला काय बोलणार? वर तीच त्यांना सांगत होती, "नीट बसा, गुडघे लागतात."

भावोजींनी सुरुवात दणक्यात केली. गेंड्यांची नावं पुकारली तेव्हा मला वाटलं, डॉक्टर खरंच ससाण्यांचे असावेत. पण मध्यंतरापर्यंत आवाजाला चिरा पडल्या. तिसऱ्या भागात कप्तानाच्या नावाचं पहिलं अक्षर ऐकू आलं आणि उरलेलं नाव लोकांनी अंदाजाने पूर्ण केलं. ताई थर्मासचं झाकण पुढे करत होती, ते हाताने बाजूला सारत होते.

शेवटच्या भागात गुण बरोबरीत आले. गेंड्यांच्या कप्तानाने लांबून चेंडू टाकला, तो आत गेला, हॉल उभा राहिला, भावोजींनी छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि माइकमधून गंजलेल्या बिजागरीचा आवाज आला.

पुन्हा प्रयत्न केला. या वेळी तेवढाही आला नाही.

आधी लोक हसले. मग त्यांना कळलं, आणि हॉल शांत झाला. मॅनेजर पलीकडून हातवारे करत धावत येत होते. भावोजी गळ्याला हात लावून नुसते तोंड उघडत आणि मिटत होते. ताईने त्यांच्या हाताखालून माइक काढून घेतला, समोरचा कागद पाहिला आणि वर्गात हजेरी घ्यावी तशी म्हणाली, "गेंडे. अकरा नंबर. तीन गुण. पुढे."

ताईने आयुष्यात कधी सामना नीट पाहिला नव्हता. त्यामुळे कुणाचं नाव ताणायचं आणि कुणाचं गिळायचं हे तिला माहीत नव्हतं. ती दोघांचीही नावं सारखीच घेत होती, आणि बरोबर घेत होती. वर्षानुवर्षं नावाचे हाल झालेला तो ससाण्यांचा खेळाडू आपलं खरं नाव ऐकून दचकला आणि हातातला चेंडू घालवून बसला.

"मागच्या रांगेतले, खाली बसा. तुमच्या मागे माणसं आहेत."

रांग बसली.

कुणीतरी मैदानात बाटली फेकली. ताई माइकवर म्हणाली, "ज्याने फेकली त्याने येऊन उचलायची. मी थांबले आहे." पंचांनीही खेळ थांबवला. थोड्या वेळाने पोट सुटलेला, मिशीवाला एक इसम निळा झेंडा खांद्यावर टाकून खाली आला, बाटली उचलली आणि मान खाली घालून जागेवर गेला. नंतर कळलं, ते नगरपालिकेचे सदस्य होते.

अखेरच्या क्षणी ससाण्यांच्या उंच गड्याने फ्री थ्रोवर एक गुण घेतला आणि गेंडे त्या एका गुणाने हरले. ताईने जाहीर केलं, "ससाणे जिंकले. पहिला क्रमांक त्यांचा. बाहेर पायऱ्या ओल्या आहेत, सावकाश उतरा."

मी आईकडे वळलो. मला वाटलं, आता ही शाल हवेत फिरवणार आणि आम्ही दोघं हॉस्पिटलात जाणार. पण ती टेबलाकडे बघत होती. भावोजी खुर्चीत बसून रडत होते. तोंड उघडं, खांदे हलतायत, आणि आवाज कसलाच नाही. तसं रडणं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि पुन्हा पाहायची इच्छा नाही.

आई गर्दीतून वाट काढत खाली गेली. तिने अंगावरची शाल काढली आणि त्यांच्या गळ्याभोवती गुंडाळली, कानापर्यंत. "चला घरी," ती म्हणाली. "बोलू नका."

एवढंच घडलं. पण आमच्या गावात फोटोग्राफर आहेत. दुसऱ्या दिवशी सगळ्यांत मोठ्या वर्तमानपत्रात पहिल्या पानावर विजेत्या संघाच्या वर भावोजी होते, पिवळ्या शालीत, डोळ्यांत पाणी. खाली मथळा: 'गेंड्यांच्या आवाजाला ससाण्यांच्या विजयाने आनंदाश्रू.'

मॅनेजर माणूस सज्जन, हे मी आधी सांगितलंच. त्यांनी स्वतः येऊन कामावरून काढल्याचं कळवलं. भावोजींनी खुलासा करावा अशी सोयही ठेवली होती, मात्र तोंडी. गळ्यात गाठ असलेला माणूस तोंडी खुलासा काय करणार? मॅनेजर पाच मिनिटं वाट पाहून म्हणाले, "म्हणजे तुम्हाला काही म्हणायचं नाही," आणि चहा न घेता गेले.

गाठ त्याच डॉक्टरांनी काढली. गाठ साधीच निघाली. ऑपरेशनच्या टेबलावर नेताना भावोजींनी कॅलेंडरकडे एकदा पाहिलं आणि डोळे मिटले, असं ताई सांगते. नंतरचे काही आठवडे सक्तीचं मौन. आई मिठाच्या पाण्याचा पेला आणायची आणि तो रिकामा होईपर्यंत त्यांच्यासमोर उभी राहायची.

आवाज परत आला, पण बारीक. दाराआडून कुणी हाक मारावी इतकाच. डेपोत त्यांना त्याच खिडकीत ठेवलं आहे. प्रवासी आता काचेला कान लावून ऐकतात आणि बहुधा म्हणूनच पूर्वीइतके भांडत नाहीत.

पुढच्या हंगामासाठी क्लबने ताईला विचारलं. मॅनेजर म्हणाले, "वहिनी, लोक तुमचंच नाव काढतात." ताई म्हणाली, "आठवडाभर चाळीस, आणि शनिवारी पाच हजार? माझ्याच्याने व्हायचं नाही. आणि गेल्या वेळी तुम्ही चहा न घेता गेलात." मग क्लबने एक यंत्र आणलं. ते प्रत्येक बास्केटला 'अप्रतिम' म्हणतं, कुणीही केली तरी.

त्या उन्हाळ्यात गेंड्यांचा कप्तान ससाण्यांकडे गेला आणि ससाण्यांचा उंच गडी गेंड्यांकडे आला. ज्याला वर्षभर शिव्या घातल्या त्याच्यासाठी आता नवस बोलायचा म्हणून आई दोन दिवस कुणाशी बोलली नाही.

हंगामाच्या पहिल्या सामन्याला भावोजींनी स्वतः दोन तिकिटं काढली, एक आईचं. मी मागच्या रांगेत होतो. इतकी वर्षं त्यांची नजर कागदावर आणि माइकवर असायची. वरून, निवांत बसून सगळा खेळ त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. बराच वेळ ते पाहत राहिले. मग आईच्या कानाशी वाकून म्हणाले, "आई, हे एवढं वाईट खेळतात?"

"मी दुसरं काय सांगत होते?"

"मला वाटलं, तुम्ही विरोधात आहात म्हणून म्हणता."

गेंडे हरले. परतीच्या बसमध्ये दोघं शेजारी बसले होते. भावोजी घशाला ताण न देता आणि आई त्यांच्याही वाटचा आवाज काढून पंचांचा उद्धार करत होती. पंच नदीच्या कुठल्या काठावर राहतो हे कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे दोघांचंही त्याच्याबद्दल पूर्ण एकमत होतं. आपला थांबा मागे गेला हे पुढच्या चौकात त्यांच्या लक्षात आलं.