ओटीपी भोंग्याच्या मोबाईलवर

आक्काचं डोकं सकाळपासून सटकलेलं होतं. का सटकू नये? टायरच्या दुकानावरच्या त्या दोन खोल्यांतून फुकट रुग्णवाहिका चालवणारी संस्था तीच तर सांभाळते. फोन ती घेणार, डायलिसिसवाल्यांचे वार ती लक्षात ठेवणार, झाडूही तीच मारणार. अध्यक्ष फक्त फोटोपुरते, आणि तेही मधोमध.

आज संस्थेचं आयकर रिटर्न भरायचा शेवटचा दिवस. नाही भरलं तर करसवलत जाणार, देणगीदार पळणार, गाडी बंद पडणार. आक्काने मान मोडून सगळं भरलं, शेवटचं बटण दाबलं. स्क्रीनवर आलं, ओटीपी मोबाईलवर पाठवला आहे.

कोणाच्या? भोंग्याच्या!

भोंगा म्हणजे संस्थेचा ड्रायव्हर. आवाज असा, की गाडीला सायरनची गरजच नाही. संस्थेची नोंदणी केली तेव्हा एकाही मोठ्या माणसाने स्वतःचा नंबर दिला नाही. उद्या नोटीस आली तर नस्ती आफत नको, म्हणून ड्रायव्हरचा नंबर टाकून सगळे मोकळे. आणि त्याच भोंग्याला मागच्या आठवड्यात हाकलला. गुन्हा काय त्याचा? अध्यक्षांच्या मेहुण्याचा सोफा रुग्णवाहिकेतून न्यायला नाही म्हणाला!

"लाव त्याला फोन," शेजारी उभे अध्यक्ष घाम पुसत म्हणाले. "जरा गोड बोल."

"हाकलताना विचारलं होतंत मला?" आक्काने फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"आक्का! तो आकडा आलाय बघ, घे," भोंगा गरजला आणि आकडा सांगूनही मोकळा झाला.

आक्का आणखीच भडकली. "अरे गाढवा, जरा अडवून तरी धरायचंस! राग-बिग येतो की नाही तुला?"

"येतो की. पण गाडीने काय घोडं मारलंय माझं? उद्या शिंपीणकाकूंचं डायलिसिस आहे ना?"

आक्का काही रडणाऱ्यातली नव्हे. तिने कीबोर्डवरचा हात उचलला आणि अध्यक्षांपुढे पसरला.

"गाडीची किल्ली."

"अगं, आधी आकडा टाक! दहा मिनिटांत मरतो तो!"

"मग पटकन काढा. आणि मला काही सांगू नका, त्याला सांगा. ऐकतोय तो."

अध्यक्षांनी एकदा स्क्रीनकडे पाहिलं, एकदा फोनकडे. मग खिशातली किल्ली टेबलावर आपटली. "ये रे बाबा उद्यापासून कामावर!"

"आणि सोफा?" पलीकडून आवाज आला.

"नाही सांगणार, झालं?"

आक्काने आकडा टाकला, बटण दाबलं. हिरवी खूण आली. रिटर्न गेलं एकदाचं.

अध्यक्ष दारापर्यंत जाऊन वळले. "आणि तो नंबर बदल पहिला!"

"बदलते की," आक्का म्हणाली. "तुमचा टाकू?"

अध्यक्ष भराभर जिना उतरले.