पंचमीपर्यंतच्या गोळ्या

माझ्या धाकट्या बहिणीला सांधेदुखी होती आणि लग्न जमवताना आम्ही ती लपवली, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण ती सांधेदुखीनं गेली नाही, हे मी आजवर कुणाला बोललेलो नाही. बायकोलासुद्धा नाही. आता थकलो. लपवून ठेवण्याचाही शीण येतो.

राजुरीत आमची शेती. बहीण लग्नाची झाली आणि तिची बोटं, मनगटं, गुडघे सुजायला लागले. सकाळी स्वतःची वेणी घालता येईना. पुण्याच्या एका डॉक्टरांनी तेव्हा नव्यानंच आलेल्या गोळ्या दिल्या आणि महिना व्हायच्या आत पोरगी विहिरीवरून घागर घेऊन यायला लागली. डॉक्टरांनी मला एकट्याला समोर बसवून सांगितलं होतं, "अंगाची रोगाशी झगडायची ताकद हिच्याच सांध्यांवर उलटलीय. ही गोळी ती ताकद दाबून ठेवते. चेहरा गोल होईल, ती तब्येत समजू नका. आणि गोळी एकाएकी बंद करायची नाही. अंगाला तिची सवय लागते. तोडली तर उलट्या, चक्कर, जिवावर बेतेल."

मी मान हलवली. शेवटचं वाक्य घरी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आईनं लग्नाचा विचारच सोडला असता.

चेहरा गोल झाला. बघायला आलेल्या बायका एकमेकींना म्हणाल्या, "पोरगी कशी अंगानं भरलीय बघा!" सोयरीक जमली. घोडेगावच्या पुढं, भीमाशंकरच्या वाटेवरचं घर. सासू कडक, पण दाजी साधे.

मांडवपरतणीला ती माहेरी आली, तेव्हा नागपंचमीपर्यंत पुरतील एवढ्या गोळ्या मी तिच्या पिशवीच्या अस्तरात दडवून दिल्या. पंचमीला न्यायला मीच जाणार होतो. तेव्हा पुढच्या.

ती म्हणाली, "दादा, त्यांना सांगू का? मानूस चांगला हाये."

"खुळी का काय तू? सासू दुसऱ्या दिशी आनून सोडंल दारात."

तिनं पिशवी उचलून ठेवली.

त्या वर्षी श्रावण दोन होते. अधिक महिना आला की सण महिनाभर पुढं जातात, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगावं लागत नाही. पण गोळ्या मोजताना मी नेहमीचीच पंचमी धरली. "यंदा धोंड्याचा महिना, जावयाला जेवायला बोलवायला पायजे," असं आई एक दिवस म्हणाली आणि मी बोटांवर दिवस मोजले. खऱ्या पंचमीला अजून कितीतरी अवकाश होता. तिकडच्या गोळ्या एव्हाना संपल्या असणार.

त्याच आठवड्यात पुण्याहून नव्या आणल्या. तसाच तिच्या घरी जाऊ शकलो असतो. पण सणावाराशिवाय भाऊ दारात उभा राहिला, तर सासू विचारणार, का आला? म्हणून दोघांना जेवायचं बोलावणं धाडलं. ती आली की हातात देऊ.

दाजी एकटेच आले.

"आई म्हनली, पंचमीला जायाचंच हाय, दोनदा कशाला," ते पाटावर बसत म्हणाले. आईनं पुरणाचे धोंडे वाढले, वर तूप सोडलं. जेवता जेवता दाजी लाजत म्हणाले, "तसं बी तिला एष्टी सोसली नसती. सारख्या उलट्या व्हत्यात. उठवत न्हाई. आई म्हनती, पाळना हालनार."

घर हसायला लागलं. चुलती माझ्याकडं वळून म्हणाली, "मामा, कुंची शिवायला टाका आता! नुसतं बसून काय ऱ्हाता?"

मीही हसलो. गोळ्या कोटाच्या खिशात होत्या. असेलही दिवस गेलेले, असं मी स्वतःला सांगत होतो, आणि नसतील हे मला कळत होतं. आईनं बहिणीसाठी अनारशांचा डबा बांधला. त्यात तळाशी गोळ्या ठेवाव्यात असं मनात आलं. पण तो डबा सासूच उघडणार. दाजींना एष्टीवर सोडायला गेलो. गाडी यायला उशीर होता. आम्ही दोघंच होतो.

"काय निरोप सांगू तिला?" त्यांनी विचारलं.

"सांगा, पंचमीला न्यायला येतो."

पंचमीच्या आधीच तिकडचा माणूस आला. तिला ताप भरला होता, चुलीपुढं चक्कर येऊन पडली, उठलीच नाही. मी पोचलो तेव्हा तिला बाहेर आणून ठेवलं होतं. तोंड अजून गोल होतं.

दाजी माझ्या गळ्यात पडले. "भाऊ, मी डाक्टरकडं न्यायला पायजे व्हतं. पोटुशी म्हनून बसलो. माझ्यामुळं गेली."

"तुमची काय चूक, दाजी," मी म्हणालो. त्यांना तो माझा मोठेपणा वाटला. गोळ्या तेव्हाही खिशातच होत्या.

दाजींनी पुढं दुसरं लग्न केलं, मुलं झाली. आमच्याकडं येणं त्यांनी सोडलं नाही. अजून येतात, ओसरीवर बसतात, आणि कधीतरी बोलता बोलता तेच म्हणतात, "त्या येळी डाक्टर गाठला असता तर." मी चहा पुढं करतो.

तिला गोळ्या चालू होत्या, त्या मी लपवायला लावल्या आणि वेळेवर पोचवल्या नाहीत, हे त्यांना सांगायचं मी अजून देणं लागतो.